गॅस गिझर बाथरूमच्या आत लावून मागू नका: एका प्लंबरची विनंती

नळजोडणीवाला

नमस्कार. मी पुण्यात २४ वर्षं प्लंबिंगची कामं करतोय. औंधच्या आयटीआयला प्लंबरचा ट्रेड केला, मग पाच वर्षं एका मिस्त्रींच्या हाताखाली काढली आणि त्यानंतर स्वतःची कामं घ्यायला लागलो. इथे आजवर नुसता वाचत आलोय, लिहायची सवय नाही. पण परवा कोथरूडला एक काम अर्धवट सोडून आलो आणि तेव्हापासून चैन पडत नाही, म्हणून हा धागा.

दिवाळी सरली, सकाळी गारवा जाणवायला लागला की दरवर्षी फोन सुरू होतात. "गिझर आणून ठेवलाय, तुम्ही फक्त लावून द्या." परवाचं घरही तसंच. नवरा-बायको, दोन लहान मुलं, आजी. सहा लिटरचा गॅस गिझर, पाइप गॅसची लाइन स्वयंपाकघरात आलेली. कुठे लावायचा म्हणून विचारलं, तर बाथरूममध्ये शॉवरच्या शेजारी भिंतीवर खडूने फुली मारून ठेवली होती. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे, तिथे अडचण होईल आणि लांब लावला की गरम पाणी यायला वेळ लागतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मशीन सहा इंच सरकवू, त्याच्या वरची भिंत मोकळीच आहे. ते म्हणाले, खालच्या मजल्यावर आतच लावलाय, तुम्ही नाही लावला तर दुसरा माणूस लावून देईल. मी हत्यारं पिशवीत भरली आणि निघालो.

दुसरा माणूस लावून देईल, हे खरंच आहे. म्हणून इथे लिहितोय. प्लंबरने ऐकलं नाही तरी घरातल्या माणसांनी ऐकावं.

गिझर म्हटलं की डोळ्यांसमोर विजेचा गिझर येतो. तो बाथरूममध्ये असतोच, मग गॅसचा का नको, असं वाटणं साहजिक आहे. पण गॅस गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली शेगडी. माझ्या आजोळी तांब्याचा बंब होता, कसब्यातल्या तांबट आळीतून आणलेला. मधल्या नळकांड्यात गोवऱ्या, करवंट्या, ढलप्या पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापायचं, खालच्या तोटीतून बादली भरून न्हाणीत न्यायची. बंब परसात असायचा. आम्ही पोरं शेकायला त्याच्याजवळ बसलो आणि वारा फिरून धूर आमच्याकडे आला, की आजी ओरडून लांब करायची. गॅस गिझरच्या पत्र्याच्या डब्यातही तोच बंब आहे. नळकांड्याच्या जागी तांब्याच्या पातळ पात्या आणि गोवऱ्यांच्या जागी गॅस. फक्त याचा धूर दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, त्यामुळे लांब व्हायचं कळतच नाही.

आता थोडा हिशेब. मी तो गिऱ्हाइकाला कागदावर मांडून दाखवतो. सहा लिटरचा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. त्यासाठी सिलिंडरचा गॅस तासाला जवळपास एक किलो या वेगाने जळतो. एक किलो गॅस नीट जळायला साडेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ २०० लिटर. तुमचं बाथरूम सहा फूट बाय चार फूट, उंची आठ फूट. त्यात हवा मावते ५,४०० लिटर. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्यातली २,००० लिटर त्या ज्योतीने वापरली आणि जळून उरलेली वाफ, धूर त्याच खोलीत सोडला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १८-१९ वर उतरला की ज्योत अर्धवट जळायला लागते. दार-खिडकी घट्ट बंद असेल, तर तिथवर यायला चार-पाच मिनिटं पुरतात. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

"वास येत नाही म्हणजे लीक नाही ना?" असं मला विचारतात. गॅसला जो उग्र वास असतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, आणि तो न जळालेल्या गॅसचा. हा विषारी वायू जळण्यातूनच तयार होतो. गिझर नवा आहे, कुठेही गळती नाही, ज्योत पेटलेली आहे, तरीही माणूस आत बेशुद्ध पडू शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. स्वतःची कामं सुरू करून जेमतेम वर्ष झालं होतं. धनकवडीत एका घरी मालकांनी आग्रह धरला, मला पैशांची गरज होती, मी बाथरूममध्येच गिझर लावला. वर एक झरोका होता, तो पुरेल असं मीच त्यांना सांगितलं. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, त्यांनी गार वारा येतो म्हणून त्यावर पुठ्ठा ठोकला. एका रविवारी त्यांची बारावीतली मुलगी आत पडली. पाणी वाहतंय, हाक मारली तर उत्तर नाही. वडिलांनी कडी तोडून बाहेर काढली म्हणून वाचली. मला फोन आला, मी धावत गेलो, आणि तिच्या आईने मला एक शब्दही दूषण दिलं नाही. ते मी विसरू शकलेलो नाही. त्याच संध्याकाळी तो गिझर मी उतरवून मागच्या गॅलरीत लावला आणि त्यानंतर एकही आत लावलेला नाही.

आता काम कसं करतो ते सांगतो, म्हणजे तुमच्याकडे कुणी आलं तर तुम्हाला तपासता येईल.

जागा आधी. ड्राय बाल्कनी, गॅलरी, मोकळा पॅसेज, जिथे एक बाजू कायम उघडी आहे. काचा सरकवून बंद केलेली बाल्कनी म्हणजे खोलीच, ती चालत नाही. ज्योतीची खिडकी डोळ्यांच्या उंचीवर येईल असा लावतो, कारण ती रोज दिसली पाहिजे. वर कपाट नको, शेजारी कपडे वाळत घालायची दोरी नको. धुराचा पाइप दिलेला असेल तर तो बाहेर मोकळ्यावर काढायचा, डक्टमध्ये दुसऱ्याच्या बाथरूमच्या खिडकीखाली नाही. हे फार ठिकाणी पाहतो. आपला धूर शेजाऱ्याच्या घरात जातो.

गॅस. डब्यावर एलपीजी (सिलिंडरचा गॅस) लिहिलंय की पीएनजी (पाइप गॅस) ते वाचा. दोन्हींचे नोझल वेगळे असतात. सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच जागेत पाइप गॅसच्या अडीचपट उष्णता असते, म्हणून त्याचं छिद्र बारीक. पाइप गॅसचा गिझर सिलिंडरवर जोडला तर पिवळी, काजळी धरणारी मोठी ज्योत निघते आणि वर सांगितलेला सगळा धोका गॅलरीतही उभा राहतो. पाइप गॅसच्या लाइनला मी हात लावत नाही. पुण्यात ही लाइन एमएनजीएलची, म्हणजे महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीची. मीटरपासून पुढे जोड द्यायचा तर तो कंपनीने नेमलेल्या माणसांकडूनच. प्लंबर म्हणाला "मी टी मारून देतो", तर नको म्हणा. सिलिंडर असेल तर आयएसआयची सुरक्षा ट्यूब वापरा, तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदला. सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासायचे. काडी ओढून तपासणारे अजून आहेत, त्यांना घराबाहेर काढा.

पाणी. जोडण्याआधी लाइन धुवून घेतो, नाहीतर पाइप कापताना पडलेला चुरा थेट गिझरच्या जाळीत जाऊन बसतो. येणाऱ्या पाण्याला बॉल व्हॉल्व्ह. गरम बाजूला आधी धातूची वेणीची नळी आणि मग सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याचा प्लास्टिकचा पाइप. पांढरा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, तो मऊ पडतो आणि सांधा सुटतो.

शेवटी ट्रायल. पाच मिनिटं सलग चालवून ज्योत बघायची. निळी आणि स्थिर पाहिजे. पिवळी टोकं दिसली तर बंद. हे सगळं दीड-दोन तासांचं काम आहे. अर्ध्या तासात लावून जाणाऱ्याने यातलं काय गाळलं ते विचारा.

सदाशिवपेठी

दादा, मनापासून लिहिलंय, धन्यवाद. माझी अडचण सांगतो. आमचा वाडा जुना, दोन खोल्या आणि मोरीची केलेली बाथरूम. बाल्कनी नाही, डक्ट नाही. बाथरूमला दीड फुटाची खिडकी आहे, ती कायम उघडी ठेवली तर चालेल का? सिलिंडरवरचा गिझर मेव्हण्याने भेट दिलाय. आई ७८ वर्षांची आहे, तिला अजून पातेल्यात पाणी तापवून उचलून नेऊ देत नाही मी, पण मी कामावर गेलो की ती उचलतेच.

नळजोडणीवाला

नाही चालणार साहेब. खिडकी तुम्ही उघडी ठेवाल, पण पौषात आई अंघोळीला बसल्या की बंदच करतील, त्यात त्यांची चूक नाही. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि दीड फुटाची खिडकी वर असते. पाइप गॅस हलका, तो वर जातो. त्यामुळे सिलिंडर असेल तर खालून उघडं पाहिजे, पाइप गॅस असेल तर वरून.

बाथरूमची बाहेरची भिंत कुठे उघडते? चौकात, बोळात, जिन्याखाली? मोजमाप टाका, बघू. आणि गरम पातेलं आईंना उचलू देऊ नका, तोवर विजेची रॉड वगैरेही नको, तीन लिटरचा छोटा विजेचा गिझर सिंकवर बसतो, त्याने वेळ निभावेल.

निवांत

एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे २००९ पासून बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. चार माणसं रोज अंघोळ करतात. काहीही झालेलं नाही. अशा धाग्यांनी लोक उगाच घाबरतात असं वाटतं.

नळजोडणीवाला

राग कशाचा, हा प्रश्न सगळ्यांच्याच मनात असतो. धनकवडीच्या घरीही पहिले दोन हिवाळे काही झालं नव्हतं. पहिल्या वर्षी पात्या स्वच्छ असतात, ज्योत निळी असते, अंघोळी पाच मिनिटांत उरकतात. मग पात्यांत काजळी आणि कोळ्याची जाळी बसते, धुराची वाट अरुंद होते. मग एक दिवस पाहुणे येतात, एकामागून एक तीन अंघोळी होतात, मधे दार उघडं राहत नाही. चौथ्या माणसाला त्या तिघांची हवा मिळते. जे पडतात ते बहुतेक वेळा शेवटचे असतात.

आज घरी गेल्यावर एक करा. ज्योतीचा रंग बघा. आणि घरच्यांना विचारा, अंघोळीनंतर कधी डोकं जड होतं का, मळमळतं का, पायातलं बळ गेल्यासारखं वाटतं का.

चांदणी

हा धागा वाचून हात थरथरताहेत. माझ्या धाकट्या बहिणीला चार वर्षांपूर्वी बाथरूममध्ये फिट आली. हातपाय वाकडे झाले होते. तीन महिन्यांनी परत तसंच. ईईजी केला, एमआरआय केला, काही सापडलं नाही, तरी फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. लग्नाची बोलणी चालू होती, ती थांबली. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोन्ही वेळा बाथरूममध्येच झालं का? गिझर कुठला?" गिझर बाहेर काढला. त्यानंतर तिला एकदाही काही झालेलं नाही, गोळ्याही हळूहळू बंद केल्या. इतके दिवस घरातल्या एका डब्यामुळे आम्ही तिला आजारी समजत होतो.

वैद्यकीय_पेशा

चांदणी, तुमच्या बहिणीसारखे रुग्ण आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बरेच पाहिले आहेत. त्याला गॅस गिझर सिंड्रोम असंच नाव पडलं आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतो. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की झटके येऊ शकतात आणि ते बघणाऱ्याला अपस्मारासारखेच दिसतात.

दोन गोष्टी सर्वांसाठी. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, त्यामुळे माणूस बेशुद्ध असून आकडा ९८ दिसू शकतो. आकडा बघून घरी थांबू नका.

दुसरं, कुणी आत पडलं तर आधी दार तोडून त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, मग १०८ ला फोन. आत वाकून शुद्धीवर आणत बसलात तर तुम्हीही पडाल. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून दवाखान्यात नेणं आवश्यक आहे, उठून बसला तरीही. गरोदर स्त्री असेल तर अजिबात वेळ घालवू नका.

आणि बाथरूमला आतून वरची कडी लावायची सवय असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांपुरती तरी ती काढून टाका.

टॉपफ्लोअर_सिंहगडरोड

आमचा गिझर ड्राय बाल्कनीतच आहे, पण पेटतच नाही. पेटला तर मधेच विझतो. सेल बदलले दोनदा. खालच्या मजल्यावर त्याच कंपनीचा मस्त चालतो. कंपनीचा माणूस म्हणतो प्रॉब्लेम घरात आहे.

नळजोडणीवाला

तो बरोबर सांगतोय. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम दहा फुटांवर असेल. दर दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो, म्हणजे तुम्हाला तीन मीटरला ०.३ बार, त्यातलाही पाइपाच्या वळणांत जातो. गॅस गिझरमध्ये एक रबरी पडदा असतो. पाण्याच्या दाबाने तो पुढे सरकतो, तेव्हा गॅस उघडतो आणि ठिणगी पडते. दाब कमी तर पडदा सरकत नाही. हा दोष नाही, तो मुद्दाम तसा केलेला आहे, पाणी नसताना ज्योत पेटू नये म्हणून. त्या पडद्याशी छेडछाड करून "कमी पाण्यावर चालेल असं करून देतो" म्हणणारा आला तर करू देऊ नका. पात्या कोरड्या तापून जळतील.

आधी जाळी साफ करून बघा, कॉक पूर्ण उघडा आहे का बघा. मग टाकीपासून तुमच्यापर्यंत पाइप किती जाडीचा आलाय ते बघा. अर्धा इंची आला असेल तर एक इंची स्वतंत्र लाइन टाकल्यावर बऱ्याचदा काम होतं. तरी नाही झालं तर लहान प्रेशर पंप.

मधेच विझण्याचं अजून एक कारण, तुम्ही मिक्सरवर गार पाणी मिसळत असणार. गार बाजूचा नळ उघडला की गरम बाजूचा प्रवाह कमी होतो, गिझरला वाटतं नळ बंद झाला. गिझरवरचं बटण कमी करून पाणी तिथेच हवं तेवढं कोमट करा आणि फक्त गरम नळ उघडा.

वाघोलीकर

आमच्याकडे गॅसचा प्रश्नच नाही, विजेचा १५ लिटरचा आहे. टँकर आणि बोअरचं पाणी. दर वर्षी कॉइल जाते. आता वरच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळतं, त्याला वॉचमनने बूच मारून दिलंय.

नळजोडणीवाला

आधी ते बूच काढा. आजच. बाकीचं नंतर वाचा.

तो सुरक्षा व्हॉल्व्ह आहे. पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की दीड टक्का फुगतं. १५ लिटरचं जवळपास पाव लिटर वाढलं, एक पेलाभर. येणाऱ्या बाजूला नॉन-रिटर्न, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्व्ह थोडं थोडं बाहेर टाकतो. तापताना गळणं हे त्याचं कामच आहे. वाट बंद केली आणि त्यात थर्मोस्टॅट चिकटला, तर टाकी फुटते. आजीच्या बंबाचं झाकण नुसतं ठेवलेलं असायचं, वाफ उचलून बाहेर जायची. बंद टाकीला तो व्हॉल्व्हच झाकण आहे. गिझर बंद असतानाही, गार पाणी सतत गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह खराब झालाय किंवा लाइनचा दाब जास्त आहे, बदलून घ्या. थेंबांसाठी एक नळी लावून मोरीत सोडा.

कॉइलचं कारण पाण्यातला क्षार. खडकवासल्याचं पाणी मऊ, पेठांत गिझर पंधरा वर्षं चालतात. बोअरच्या पाण्यातला चुना तापवला की कॉइलवर थर धरतो, जेवढं जास्त तापवाल तेवढा जास्त. थराखाली कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही आणि ती जळते. थर्मोस्टॅट ५०-५५ वर आणा. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बघा. ती टाकीऐवजी स्वतः गंजून जाते, संपली की टाकीची पाळी. अर्थिंग तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवा.

यॉर्कशायरहून

मी मूळचा हडपसरचा, इंग्लंडमध्ये १२ वर्षं घरगुती बॉयलर बसवतो. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं की काम एकच आहे. इथे बॉयलर अंघोळीचं पाणीही तापवतो आणि घरभरच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी फिरवून खोल्याही गरम ठेवतो. आपल्याकडे याची गरज नाही, पण तो कसा बसवतात हे सांगितलं तर दादांचं म्हणणं अधिक पटेल.

इथे गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असल्याशिवाय बॉयलरला हात लावणं बेकायदा आहे. ही नोंदणी १ एप्रिल २००९ पासून आहे, त्याआधी दुसरी होती. ओळखपत्रामागे कुठलं काम करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं आणि घरमालक ते मागून बघतात.

बॉयलर घराच्या आत असतो, स्वयंपाकघरातल्या कपाटात सुद्धा. तरी चालतो, कारण तो खोलीतली हवा घेतच नाही. भिंतीतून बाहेर जाणारा पाइप दुहेरी असतो. बाहेरच्या पोकळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून पंखा धूर बाहेर ढकलतो. ज्योतीची पेटी खोलीपासून पूर्ण बंद. एवढं असूनही खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावतोच.

मग इतर कामं. रेडिएटरची जुनी लाइन धुवून काढायची, कारण त्यातला काळा गाळ नव्या बॉयलरचा ज्योतीची उष्णता पाण्यात देणारा भाग बंद करतो. परतीच्या पाइपावर चुंबकाचा फिल्टर. गार असताना लाइनमध्ये एक ते दीड बार दाब भरायचा, वाढलेल्या पाण्यासाठी फुग्यासारखी एक टाकी, आणि ३ बारला उघडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह, ज्याची नळी घराबाहेर काढायची. वाघोलीकर, त्याला बूच मारलेलं इथे दिसलं तर मी गॅस बंद करूनच निघतो. नव्या बॉयलरमध्ये परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं की धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तीही उष्णता मिळते. ते पाणी थोडं आंबट असतं, त्याचा निचरा प्लास्टिकच्या पाइपाने उतार देऊन करायचा. उतार चुकला आणि पाइप बाहेरच्या भिंतीवरून नेला, तर जानेवारीत पाणी गोठतं आणि बॉयलर बंद पडतो. थंडीतले माझे निम्मे फोन याचेच.

सगळं झाल्यावर धुराच्या नळीत मीटर घालून मोजतो. कार्बन मोनॉक्साइड भागिले कार्बन डायऑक्साइड ०.००४ च्या वर गेलं तर बॉयलर चालू ठेवून निघता येत नाही. आकडे वहीत लिहून सही करायची. दादा डोळ्यांनी निळी ज्योत बघतात, मी आकडा बघतो.

नळजोडणीवाला

भाऊ, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. "परदेशात तर घरातच लावतात" हे मला नेहमी ऐकवलं जातं. आता हेच दाखवीन. पंख्याने धूर पाइपातून बाहेर टाकणारी मॉडेलं आता आपल्याकडेही मिळतात, पण त्यातली बरीच जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेतात. डब्यावर काय लिहिलंय ते नीट वाचल्याशिवाय आणि दुहेरी पाइप असल्याशिवाय तीही बाथरूममध्ये नकोत. अलार्म मात्र प्रत्येकाने घ्यावा असं मलाही वाटतं, ऑनलाइन मिळतात.

आपल्याकडे असं ओळखपत्र मागायची पद्धत पडली तर मी पहिला दाखवीन. हे काम शिकलेल्या माणसाचं आहे असं लोकांनी मानावं, एवढी माझी इच्छा आहे.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या सात मजली इमारतीत गच्चीवर सोलर आहे, महापालिका मिळकतकरात सवलत देते म्हणून बसवला. पण खालच्या मजल्यांची तक्रार असते, गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या वाहून जातात. म्हणून लोक गॅस गिझरकडे वळताहेत.

नळजोडणीवाला

पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटरहून थोडं जास्त पाणी असतं. गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत वळणं धरून ४० मीटर, म्हणजे बादलीच्या जवळपास गार झालेलं पाणी आधी काढावं लागतं. पाइपावर इन्सुलेशन नसेल तर आणखी जास्त. इन्सुलेशन चढवा, जमलं तर परतीची लाइन टाकून सकाळी दोन तास छोटा पंप फिरवा, मग प्रत्येक नळाशी गरम पाणी उभं राहतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि उतार ३० अंशांच्या आसपास आहे का बघा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, पण गरज हिवाळ्यात असते आणि तेव्हा सूर्य खाली झुकलेला असतो. टाकीवरचा हवेचा पाइप कुणी बंद केला नाही ना, तेही बघा. तुमच्याकडे सोलर सुधारला तर एकाही घरात गॅस गिझर लागणार नाही.

निवांत

काल रात्री बघितलं. ज्योतीची टोकं पिवळी आहेत. बायकोला विचारलं, ती म्हणाली, केस धुते त्या दिवशी डोकं दुखतंच, मला वाटायचं ओल्या केसांमुळे. गिझर बंद केलाय. रविवारी बाहेर काढतोय.

चांदणी

निवांतदादा, बरं केलंत.

सदाशिवपेठी

दादा, मोजमाप घेतलं. बाथरूमची मागची भिंत बोळाकडे आहे. जिन्याच्या बाजूला चौकात उघडी भिंत आहे, वर पत्र्याची पडवी, तीन बाजू मोकळ्या. तिथून बाथरूमच्या नळापर्यंत ११ फूट. सिलिंडरही तिथे उभा राहील. आई म्हणते, पूर्वी बंब तिथेच असायचा.

नळजोडणीवाला

मग जागा ठरली. ११ फुटांत अर्धा इंची सीपीव्हीसीत अर्ध्या लिटरहून कमी पाणी उभं राहतं, तांब्याभर गार पाणी आधी येईल, मग गरम. पाइपावर काळं इन्सुलेशन चढवून घ्या. सिलिंडर उभाच ठेवा, आडवा नाही, आणि गिझरच्या थेट खाली नको, बाजूला. पडवीच्या पत्र्यापासून गिझरचं डोकं दोन-अडीच फूट खाली येऊ द्या.

भिंतीबद्दल एक. वाड्याच्या भिंतीत मधे मातीची भर असते आणि कुठेतरी लाकडी तुळई गेलेली असते. हॅमर ड्रिल लावलं की मोठा पोपडा सुटतो. आधी बारीक बिटाने भोक पाडून काय लागतं ते बघायला सांगा, आणि गिझर थेट भिंतीवर न टांगता आधी फळी किंवा लोखंडी पट्टी चार ठिकाणी पक्की करून तिच्यावर टांगायला सांगा. बटण आईंच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर ठेवा.